१६ हजार फूट सूत आणि पावणेपाच स्टार

जुलै १९२९मध्ये अखिल भारत चरखा संघाने एक लाख रुपयांच्या बक्षिसाची स्पर्धा जाहीर केली. खेड्यातल्या घरात चालेल असं सूतकताईचं यंत्र त्यांना हवं होतं. अटी साधारण अशा होत्या: यंत्र वजनाला हलकं, सहज हलवता येणारं, हाताने किंवा पायाने चालणारं असावं. एखाद्या स्त्रीला फार कष्ट न पडता त्यावर सलग आठ तास काम करता यावं. त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६ हजार फूट सूत निघावं. ते भारतात दीडशे रुपयांच्या आत तयार व्हावं. वेळच्या वेळी निगा राखली तर २० वर्षं टिकावं आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. स्पर्धकाने यंत्र स्वखर्चाने ३० ऑक्टोबर १९३०पर्यंत साबरमती आश्रमात पाठवावं.

बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

'डिझाइन कॉन्टेस्ट' हे शब्द तेव्हा कुणी वापरले नसतील, पण होती ती तीच. आज मोबाइलवर रोज कुठल्या ना कुठल्या लोगोची, टी-शर्टची, ॲपच्या स्क्रीनची स्पर्धा दिसते. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. याद्या कशा लावायच्या, कोण वर दिसणार आणि कोण 'आणखी पाहा'च्या खाली जाणार, हे ठरवणारा कोड लिहिणं माझ्या कामातच येतं. त्यामुळे स्पर्धेत कोण जिंकलं यापेक्षा तिची नियमावली वाचायची मला सवय लागली आहे. नियमावली हाही एक लेखनप्रकार आहे. लिहिणाऱ्याने हरणाऱ्या माणसाबद्दल काय विचार केला आहे, हे तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. १९२९ची नियमावली आणि आजच्या प्लॅटफॉर्मच्या नियमावल्या शेजारी ठेवून वाचल्या तर एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. तेव्हा अटी नेमक्या होत्या आणि क्रमवारी नव्हती. आज अटी मोघम असतात आणि क्रमवारी दशांशापर्यंत नेमकी असते.

टेस्ट केस असलेली स्पर्धा

आधी १९२९च्या अटींमधले आकडे पाहू. १६ हजार फूट म्हणजे ५,३३३ यार्ड. सुताचा नंबर मोजायची इंग्रजी रीत अशी की ८४० यार्डांची एक लड, आणि अशा जितक्या लडी मिळून एक पौंड भरतो तितका त्या सुताचा नंबर. या हिशोबाने दिवसाला सव्वासहाहून थोड्या जास्त लडी होतात. १२ नंबरचं सूत असेल तर वजन साधारण २४० ग्रॅम, २० नंबरचं असेल तर दीडशेच्या आत. दुरुस्तीचा खर्च दीडशे रुपयांच्या पाच टक्के, म्हणजे वर्षाला साडेसात रुपये. हे सगळं तराजू, फूटपट्टी, घड्याळ आणि हिशोबाची वही घेऊन तपासता येतं.

कॉलेजात कोडशेफ किंवा कोडफोर्सेसवर रात्री जागवलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. तिथे प्रश्नाबरोबर वेळेची मर्यादा दिलेली असते, मेमरीची मर्यादा दिलेली असते, आणि तुमचा प्रोग्रॅम टेस्ट केसमधून पार होतो किंवा होत नाही. परीक्षकाला तुमचं नाव, गाव, इंग्रजी, फोटो यातलं काहीच आवडावं लागत नाही. चरखा संघाची स्पर्धा अशीच टेस्ट केसवाली होती. म्हणून तिला एक गोष्ट जमली जी आजच्या बहुतेक स्पर्धांना जमत नाही. आलेल्यांपैकी 'त्यातल्या त्यात बरं' निवडून सत्कार उरकायची गरज तिला पडली नाही. तिला पहिला नंबर नको होता, चालणारं यंत्र हवं होतं.

पेटंटबद्दलचा नियमही वाचण्यासारखा आहे. यंत्र अटींना उतरलं तर संशोधक पेटंट स्वतःकडे ठेवू शकत होता. बक्षीस हवं असेल तर मात्र पेटंटचे हक्क चरखा संघाकडे सोपवायचे. म्हणजे सौदा स्पष्ट होता: हक्क द्या, लाख रुपये घ्या, नाहीतर हक्क तुमचेच. बक्षीस यंत्राच्या कमाल किमतीच्या साडेसहाशे पटींहून जास्त होतं. मागणी मोठी होती आणि मोबदलाही त्याला साजेसा होता.

'मॉडर्न हवं, पण आपल्या मातीतलं'

आता आजची एक नेहमीची स्पर्धा घ्या. कंपनी लहान असते, तिला लोगो हवा असतो. ब्रीफमध्ये लिहिलेलं असतं: साधा पण उठून दिसणारा, मॉडर्न पण आपल्या मातीतला, प्रीमियम वाटणारा पण सगळ्यांना आपला वाटणारा. यातल्या एकाही शब्दाला फूटपट्टी लावता येत नाही. 'पण' हा शब्द प्रत्येक विशेषणाच्या मध्ये उभा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्पर्धकाचे तास खर्च होतात.

२००८मध्ये मेलबर्नला सुरू झालेल्या ९९डिझाइन्सने ही पद्धत जगभर नेली. फ्रीलान्सर, डिझाइनक्राउड, गुरुग्रामचं डिझाइनहिल यांचीही रीत साधारण तशीच. ग्राहक ब्रीफ लिहितो, बक्षीस ठेवतो, डिझायनर तयार लोगोच पाठवतात, ग्राहक त्यांना स्टार देतो, काहींना बाद करतो, थोड्यांना अंतिम फेरीत नेतो आणि एकाला पैसे मिळतात. बाकीच्यांनी काम आधीच करून दिलेलं असतं.

यातले दोन नियम मुळापासून वाचायला हवेत. पहिला हमीचा. ९९डिझाइन्सवर ग्राहकाने बक्षीस 'गॅरंटीड' केलं नसेल तर काहीच पसंत पडलं नाही म्हणून तो पैसे परत मागू शकतो. फ्रीलान्सरवर 'गॅरंटीड' हा एक जोडपर्याय आहे. म्हणजे कुणालातरी बक्षीस मिळेलच ही गोष्ट स्पर्धेच्या व्याख्येत धरलेली नाही, ती वर लावायची पट्टी आहे. १९२९मध्येही बक्षीस राखून ठेवलं गेलं, पण तिथे कारण मोजता येत होतं. इथे 'मजा नाही आली' एवढं पुरतं. दुसरा नियम उघडझाकीचा. ब्लाइंड किंवा सील्ड स्पर्धेत एकमेकांची कामं दिसत नाहीत, उघड स्पर्धेत दिसतात. उघड स्पर्धेत तिसऱ्या दिवशी कुणाला चार स्टार पडले की पाचव्या दिवशी त्याच अंगाच्या पंधरा कल्पना येऊन पडतात. दुसऱ्याची संकल्पना उचलू नका असा नियम असतो, पण कल्पना कुठे संपते आणि नक्कल कुठे सुरू होते याचा निवाडा तक्रार आल्यावर होतो. तोवर ज्याने ती वाट पहिल्यांदा काढली तो सोळावा झालेला असतो.

हिशोब मांडू. समजा बक्षीस ५,००० रुपये, स्पर्धक २०० आणि प्रत्येकाचे दहा तास. एकूण २,००० तासांचं काम ५,००० रुपयांत झालं, म्हणजे तासाला अडीच रुपये. हा दर कुणी ठरवला नाही, कुठे छापलेला नाही, आणि तो कुणाला मिळतही नाही. एकाला तासाला ५०० मिळतात, १९९ जणांना शून्य. अर्थशास्त्रात याला 'ऑल-पे' लिलावाची उपमा देतात: बोली सगळ्यांनी भरायची, वस्तू एकाने न्यायची. गावच्या बाजारात असा लिलाव कुणी मांडला तर लोक त्याला हाकलून देतील. स्क्रीनवर मांडला की त्याला 'संधी' म्हणतात.

संधी खोटी नसते, हेही म्हणायला हवं. हिंगणघाट किंवा आर्वीत बसून डिझाइन शिकणाऱ्या मुलीला मुंबईच्या एजन्सीचं दार कोण उघडणार? तिच्याकडे ओळख नाही, पोर्टफोलिओ नाही. स्पर्धेला वशिला लागत नाही, कॉलेजचं नाव लागत नाही. खरं काम, खरी तारीख, खरा ग्राहक तिथे मिळतो. 'स्पर्धांवर बहिष्कार टाका' असा उपदेश करणाऱ्या नामवंत डिझायनरांना ही बाजू सहसा दिसत नाही, कारण त्यांचं पहिलं काम कधीच होऊन गेलेलं असतं. म्हणून स्पर्धा असावी की नसावी हा माझा प्रश्न नाही. एवढ्या साऱ्या मुलांचे तास जिथे जातात तिथली नियमावली इतकी आळशी का, हा आहे.

सरकारी स्पर्धा

आपल्याकडे या खेळात सगळ्यात मोठा ग्राहक सरकार आहे. रुपयाच्या चिन्हाची स्पर्धा २००९मध्ये जाहीर झाली तेव्हा प्रत्येक प्रवेशिकेबरोबर ५०० रुपये भरायचे होते. तीन हजारांहून जास्त प्रवेशिकांतून पाच जण अंतिम फेरीत गेले आणि जुलै २०१०मध्ये आयआयटी मुंबईत संशोधन करणाऱ्या डी. उदयकुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं. देवनागरी 'र'ची ती आडवी रेघ आज प्रत्येक फोनच्या कीबोर्डवर आहे. विजेत्याला अडीच लाख रुपये होते आणि अंतिम फेरीतल्या पाचही जणांना २५-२५ हजार. या दोन आकड्यांतला दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शेवटपर्यंत पोहोचलेल्याच्या कामाला काहीतरी किंमत आहे, हे नियमातच मान्य केलेलं होतं. प्रवेशशुल्काबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. ५०० रुपये दिल्लीतल्या स्टुडिओला चहापाण्याचे, आणि तालुक्याच्या विद्यार्थ्याला महिन्याभराच्या बसपासाएवढे. शुल्काने गर्दी कमी होते हे खरं, पण कुठली गर्दी कमी होते ते पाहायला हवं.

जुलै २०१४मध्ये मायगव्ह सुरू झालं आणि अशा स्पर्धा एका बटणावर आल्या. त्याच वर्षी स्वच्छ भारत अभियानाचा लोगो या मार्गाने आला. गांधीजींचा चष्मा, एका काचेवर 'स्वच्छ', दुसरीवर 'भारत'. तो कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी केला. त्याच्या खालचं घोषवाक्य राजकोटच्या भाग्यश्री शेठ यांचं. सेवाग्रामला येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावरच्या घंटागाडीवर तो चष्मा असतो. आमच्या जिल्ह्यात गांधीजींच्या वस्तूंची कमी नाही, पण सगळ्यात जास्त वेळा डोळ्यांसमोरून जाणारी वस्तू एका ऑनलाइन स्पर्धेतून आलेली आहे. ती कुणी काढली हे विचारलं तर जिल्ह्यात किती जण सांगतील?

हा प्रश्न भावनिक वाटेल, पण त्याचं मूळ नियमावलीत आहे. सरकारी स्पर्धांच्या अटींमध्ये काही वाक्यं ठरलेली असतात. विजेती कलाकृती मंत्रालयाची बौद्धिक संपदा होईल, विजेत्याला तिच्यावर कुठलाही हक्क सांगता येणार नाही. न निवडलेल्यांना वेगळं कळवलं जाणार नाही. निर्णय अंतिम राहील. सार्वजनिक चिन्ह सार्वजनिक मालकीचं असावं हे मला पटतं. १९२९मध्येही बक्षीस घेणाऱ्याला हक्क सोडावे लागणार होते. पण मालकी सोडणं आणि नाव पुसलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकाचे हक्क प्रकाशकाला विकले तरी मुखपृष्ठावर लेखकाचं नाव राहतं, आणि मुखपृष्ठ ज्याने केलं त्याचंही आत कुठेतरी असतंच. 'जिथे शक्य तिथे डिझायनरचं नाव छापू' एवढं एक वाक्य नियमावलीत घालायला खर्च येत नाही.

आणि 'न निवडलेल्यांना कळवलं जाणार नाही' हे वाक्य तर आता निव्वळ आळस आहे. पोस्टाने हजारो पत्रं पाठवायची होती तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आज हजारो जणांना 'तुमचं काम पहिल्या फेरीत थांबलं, कारण ते एका रंगात छापता येत नव्हतं' असा मेसेज पाठवणं माझ्यासारख्या कुठल्याही प्रोग्रॅमरचं दुपारचं काम आहे. अडचण मेसेज पाठवण्याची नाही. ते कारण कुणी कुठे नोंदवलेलंच नसतं.

पावणेपाच स्टारचं गणित

आता क्रमवारीकडे येऊ, म्हणजे माझ्या रोजच्या धंद्याकडे.

स्पर्धकांची यादी लावायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे सरासरी. ती फसवी आहे. एकाच ग्राहकाने पाच स्टार दिलेला नवखा ५.० वर बसतो आणि शंभर कामं केलेला ४.७५ वर. म्हणून जरा शहाणे प्रोग्रॅमर वेगळं सूत्र वापरतात. एडविन विल्सन या अमेरिकन गणितज्ञाने १९२७मध्ये, चरखा स्पर्धेच्या दोन वर्षं आधी, ते मांडलं. त्याचा अर्थ असा: हातात असलेल्या पुराव्यावरून या माणसाबद्दल कमीत कमी किती खात्रीने बोलता येईल तेवढंच बोला. दोनापैकी दोन ग्राहक खूश असतील तर सरासरी १०० टक्के, पण विल्सनच्या सूत्राने ९५ टक्के खात्रीचा किमान आकडा निघतो साधारण ३४. शंभरातले ९० खूश असतील तर तो निघतो ८२-८३. गणित चोख आहे. मी स्वतः हेच वापरेन.

पण त्याचा परिणाम काय होतो? एकही चूक न केलेली नवी मुलगी ३४ वर, आणि दहा ग्राहक नाराज केलेला जुना माणूस ८२ वर. यादीत वर दिसणाऱ्याला काम मिळतं, कामातून पुरावा वाढतो, पुराव्याने तो आणखी वर जातो. खालची पुरावा गोळा करायलाच पोहोचत नाही. सूत्राने कुणावर अन्याय केला नाही. त्याने एवढंच सांगितलं की 'मला अजून माहीत नाही'. पण यादीत 'माहीत नाही' अशी जागाच नसते. तिथे वर असतं किंवा खाली असतं. म्हणून अज्ञानाचं रूपांतर शेवटच्या पानात होतं.

यावर तोड आहे आणि ती धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. दर दहा जागांपैकी एक-दोन जागा मुद्दाम नव्यांसाठी ठेवायच्या. यादी त्यामुळे थोडी 'बिघडते', ग्राहकाला कधीतरी कच्चं काम दिसतं, तेवढा तोटा प्लॅटफॉर्मने सोसायचा. बहुतेक ठिकाणी होतं उलटं. हा तोटा नवख्यावर टाकला जातो: फुकट स्पर्धा खेळा, स्टार जमवा, मग वर या. ९९डिझाइन्सवर डिझायनरांच्या 'एंट्री', 'मिड' आणि 'टॉप' अशा पायऱ्या आहेत आणि सगळ्यात महागड्या पॅकेजच्या स्पर्धा वरच्या पायरीसाठी राखलेल्या असतात. म्हणजे क्रमवारी शेवटी येणारा निकाल राहिला नाही, तीच प्रवेशाची अट झाली. जो आकडा तुमच्या कामाबद्दल सांगायचा तो आता तुम्हाला कुठलं काम करू द्यायचं ते ठरवतो.

जनतेच्या मतांवर चालणाऱ्या स्पर्धांची गत आणखी वेगळी. शिकागोच्या थ्रेडलेसने २०००पासून टी-शर्टच्या डिझाइनना लोकांकडून गुण घ्यायची पद्धत रुजवली. तिथे मत देणारे पुढे तोच शर्ट विकत घेणारे होते, म्हणून मताला वजन होतं. आपल्याकडे ती पद्धत उतरली ती 'सर्वाधिक लाइक्स मिळवणारा विजेता' या रूपात. अशा स्पर्धेचा शेवटचा आठवडा कुणी अनुभवला नाही? मामेभावाच्या मित्राचा मेसेज येतो, लिंक उघडा, हार्ट दाबा, दहा ग्रुपवर टाका. डिझाइन कुणी पाहतच नाही. ती स्पर्धा लोगोची राहत नाही, कुणाचे नातेवाईक जास्त याची होते. आयोजकाला मात्र फुकटात हजारो लोक मिळतात, आणि खरं सांगायचं तर नियम त्यासाठीच तसा लिहिलेला असतो.

चरखा स्पर्धा कुठे चुकली

इथवर वाचून वाटेल की १९२९ची नियमावली मला आदर्श वाटते. तसं नाही.

तिच्यात वजन सोडलं तर सूत, पैसे, वर्षं, टक्के या सगळ्यांना आकडा आहे. एका ओळीला नाही: 'स्त्रीला फार कष्ट न पडता'. जिच्यासाठी यंत्र बनवायचं तिच्या शरीराच्या वाट्याला तेवढं एक मोघम विशेषण आलं. फार म्हणजे किती? कुणाची पाठ, कुणाचे डोळे? आजच्या ब्रीफमध्ये सगळंच मोघम असतं. तिथे मोघमपणा नेमका सगळ्यात महत्त्वाच्या जागी होता. २० वर्षांच्या टिकाऊपणाची अट तर परीक्षकांना तपासताच येण्यासारखी नव्हती, अंदाजच करावा लागणार. आणि यंत्र स्वखर्चाने बनवून साबरमतीला पाठवायचं, म्हणजे मोठा कारखाना पाठीशी नसलेला गावचा सुतार पहिल्याच ओळीत बाहेर. महाराष्ट्रातून या आव्हानाला उत्तर द्यायला पुढे आले ते गणेश भास्कर काळे, आणि त्यांचं यंत्र घडलं किर्लोस्करवाडीत. त्या काळी इतका खर्च आणि इतकी लेथ मशिनं कुणाकडे असणार होती? परीक्षकांना तेही अटींत पूर्ण बसणारं वाटलं नाही.

पुढे जे टिकलं ते स्पर्धेबाहेरून आलं. स्पर्धेची मुदत संपली तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि सुटकेससारखा मिटणारा पेटीचरखा 'येरवडा चक्र' म्हणून ओळखला गेला तो तिथल्या खटपटीतून. एकापेक्षा जास्त चात्यांचा अंबर चरखा तामिळनाडूच्या एकांबरनाथांनी १९४९च्या सुमारास पुढे आणला आणि नंतर खादी मंडळाने तो देशभर नेला. एकाही विजेत्याविना संपलेल्या स्पर्धेनंतर वीस वर्षांनी कुणीतरी त्याच प्रश्नाशी झटत होतं. प्रश्न नेमका लिहिलेला असला की तो मुदत संपल्यावरही कामाला येतो. 'प्रीमियम पण आपला' हा प्रश्न वीस वर्षांनी कोण सोडवत बसेल?

नालवाडीची कसोटी

या गोष्टीचा पुढचा भाग वर्ध्यात घडला, आणि माझ्या मते खरा धडा तोच आहे.

१९३४मध्ये गांधीजी वर्ध्याला आले. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम मगनवाडीत सुरू झालं. तिथलं मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ला गांधीजींनी उघडलं. चरख्याच्या सुधारणेत आयुष्य घातलेल्या मगनलाल गांधींचं नाव त्याला आहे. आजही तिथे तऱ्हतऱ्हेचे चरखे पाहायला मिळतात. त्यांच्याखाली पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नाहीत. प्रत्येकाने एकेक अडचण सोडवली आणि एकेक शिल्लक ठेवली, असं ते शेजारी शेजारी उभे असतात. प्लॅटफॉर्मच्या गॅलरीत बाद झालेलं काम राखाडी होतं, इथे ते काचेमागे जपलेलं आहे.

वर्ध्याला लागूनच नालवाडी आहे. विनोबा तिथे १९३२च्या अखेरीस राहायला गेले. खादीचं काम करणाऱ्यांसमोर तेव्हा एक अडचणीचा प्रश्न होता: दिवसभर सूत कातणाऱ्या बाईला जी मजुरी आपण देतो त्यावर माणूस जगू शकतो का? विनोबांनी त्यावर लेख लिहून भागवलं नाही. ते स्वतः रोज तासन्‌तास कातायला बसले, कातणाऱ्यांना जो दर मिळे त्याच दराने स्वतःची कमाई धरली, आणि तेवढ्यात खाऊन राहून पाहिलं. १९३५मध्ये गांधीजींनी आठ तासांच्या कताईला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला आणि चरखा संघाने मजुरी वाढवण्याचा ठराव केला. खादी महाग होईल, खप घसरेल, ही भीती बोलून दाखवली जात असताना केला.

१९२९च्या नियमावलीत आठ तास होते ते यंत्राची क्षमता मोजण्यासाठी. १९३५च्या ठरावात तेच आठ तास माणसाचा दाम मोजण्यासाठी आले. तास तेवढेच, पण ज्या बाईला आधी एक विशेषण मिळालं होतं तिला आता आकडा मिळाला. हा बदल स्पर्धेने घडवला नाही. नियम करणारा स्वतः त्या नियमाखाली जगून आल्यावर तो घडला.

आजच्या प्लॅटफॉर्मना मी हीच कसोटी लावेन. ज्याने क्रमवारीचा कोड लिहिला त्याने नव्या नावाने, कोऱ्या प्रोफाइलने, तालुक्याच्या इंटरनेटवरून महिनाभर स्पर्धा खेळाव्यात आणि त्यातून जे मिळेल त्यात मोबाइलचा रिचार्ज मारून दाखवावा. ज्या अधिकाऱ्याने 'न निवडलेल्यांना कळवलं जाणार नाही' ही ओळ पेस्ट केली त्याने एकदा प्रवेशिका पाठवून चार महिने पोर्टल उघडून पाहावं. मग नियमावली आपोआप बदलायला लागेल.

ती कशी बदलावी हे सांगायला मोठी क्रांती लागत नाही. लोगोलाही टेस्ट केस लिहिता येतात. रबरी शिक्क्यावर उमटतो का? एका रंगात छापता येतो का? फोनच्या कोपऱ्यात १६ पिक्सेलमध्ये ओळखू येतो का? देवनागरीत लिहिल्यावर मात्रा तुटते का? एवढ्या चाळणीने निम्मं काम माणसाच्या आवडीनिवडीशिवाय होतं आणि बाद झालेल्याला कारणही मिळतं. उरलेल्यांतून आवडीने निवडा, पण आवड म्हणूनच निवडा, तिला ४.७५ असं गणिताचं कुंकू लावू नका. पूर्ण काम आधी मागू नका. आधी जुनी कामं आणि चार ओळींचा विचार मागा, पाच जण निवडा, आणि त्या पाचही जणांना कामाचे पैसे द्या. रुपयाच्या चिन्हाच्या वेळी ते जमलं होतं. बक्षीस ठेवलं असेल तर ते कुणालातरी द्याच, किंवा का दिलं नाही ते मोजून सांगा. आणि यादीत 'अजून माहीत नाही' अशांसाठी एक जागा ठेवा, पहिल्या पानावर.

वाचणाऱ्यांपैकी कुणी आज रात्री एखाद्या स्पर्धेसाठी लॅपटॉप उघडणार असेल तर त्याला थांबवायचा माझा हेतू नाही. फक्त ब्रीफच्या आधी अटी उघडा. बक्षीस नक्की मिळणार आहे का, हरलेल्या कामाचे हक्क कुणाकडे राहतात, आणि निवड कशावर होणार, या तीन गोष्टी शोधा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात किंवा साध्या वाक्यात सापडलं नाही, तर किती तास द्यायचे ते आधीच घड्याळात लावून ठेवा. आठ तर नकोतच.